कॅराव्हॅनमध्ये दुसरा एसी टाकावा का? मे महिना, जळगाव, सोबत वयस्कर आई-वडील

तापीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न नीट कळावा म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे बाबा ७६ वर्षांचे. पंचवीसेक वर्षं चैत्रात वणीच्या गडाला पायी गेले. आता गुडघे साथ देत नाहीत, पण चैत्र आला की घरात बसवत नाही त्यांना. म्हणून दोन वर्षांपूर्वी एक जुनी सतरा सीटर गाडी घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतली. मागे आडवा बेड, मध्ये ओटा आणि छोटा फ्रिज, पुढे ड्रायव्हरच्या मागे लांब बाक. एसी एकच, १ टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट. आतलं युनिट बेडच्या वर, बाहेरचं मागच्या दाराला जाळीच्या चौकटीत.

यंदा वणीला जाताना मालेगावच्या पुढे एका ढाब्यामागे दुपारी थांबलो. बाहेर ४२ अंश. बेडपाशी २६ आणि पुढच्या बाकावर ३६! मी दोन थर्मामीटर ठेवले होते, म्हणून आकडे खात्रीचे आहेत. बाबा पुढेच बसतात, कारण मागे जायला एक पायरी चढावी लागते. तासाभरात त्यांना गरगरायला लागलं. ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, साखर-मीठ-पाणी पाजलं, कसेबसे उचलून बेडवर आणले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

वीज अशी: ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर, छताच्या मागच्या अर्ध्या भागात ५४० वॅटचे दोन सोलर पॅनल, शिवाय ढाब्यावर किंवा धर्मशाळेत मिळाला तर १५ अँपिअरचा प्लग.

पुढे दुसरा १ टनाचा एसी टाकू का? कुठे बसवू? आणि दोन्ही एकदम चालतील का?

पांझराकाठ

भाऊ, आधी दोन गोष्टी सांगा. छताच्या पत्र्याखाली काय भरलंय? आणि पुढच्या काचेला थांबल्यावर काय लावता?

तापीकाठचा

छतात १० मिमीचा फोम, त्यावर प्लाय. गाडीचा रंग गडद निळा. काचेला आतून पडदा.

केळीपट्टा_रावेर

दादा, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

मी केळी पिकवायच्या चेंबरची कामं करतो, सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात. आमचं सगळं आयुष्य बाहेर ४५ आणि आत १६ ते १८ अंश ठेवण्यात गेलं. नवा व्यापारी येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, मशीन किती टनाचं लावू? आम्ही आधी भिंत बघतो. पफ पॅनलची (आत फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंतीची) जाडी, दाराचं रबर, छताचा सांधा. भिंत गळकी असेल तर मशीन वाढवत बसणं म्हणजे भोक असलेल्या माठात पाणी ओतणं.

तुमच्या गाडीचा हिशेब करू. आतली लांबी साडेपाच मीटर धरली तर छत साधारण १० चौरस मीटर. मेच्या दुपारी चौरस मीटरला जवळपास १ किलोवॅट ऊन पडतं. म्हणजे छतावर १० किलोवॅट. गडद रंग त्यातलं ८०-९० टक्के पिऊन घेतो. आणि १ टनाचा एसी आतली उष्णता बाहेर टाकतो ती फक्त साडेतीन किलोवॅट, तीही ३५ अंशाला मोजलेली. एसीचा टनेज ३५ अंश धरूनच लिहिलेला असतो. ४५ ला तोच एसी कमी थंडावा देतो आणि वीज जास्त ओढतो. उष्ण देशांसाठी ४६ अंशाला मोजलेली यंत्रं वेगळी असतात, त्यांना टी-३ म्हणतात. घेताना ते नक्की विचारा.

आपल्या आजोबांची धाब्याची घरं आठवा. वर हातभर माती असायची. दुपारी दोनला आत गेलं की मडक्यात शिरल्यासारखं वाटायचं, आणि तिथे पंखासुद्धा नव्हता.

माझं म्हणणं: छत पांढरं करा. आत १० मिमी काढून किमान २५ ते ३० मिमीचा बंद पेशींचा फोम लावा, पत्र्याला घट्ट चिकटवून. पुढची काच बाहेरून झाका. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच, मग पडदा तापतो आणि पडद्यामागची हवा तुम्हाला भाजते. आणि थांबल्यावर छतापासून वीतभर वर शेडनेट ताणा, रोपवाटिकेला लावतात तेच, ७५ टक्क्यांचं. मधून वारा खेळला पाहिजे. फक्त पॅनलवर सावली नको.

एवढं करा, मग परत मोजा. दुसरा एसी लागेलच बहुतेक, पण छोटा लागेल.

निवृत्त_भुसावळ

वरच्या भावाशी सहमत. मी रेल्वेत एसी डब्यांच्या देखभालीत नोकरी केली, त्यामुळे दोन एसींबद्दल थोडं अनुभवाचं सांगतो.

आताच्या एलएचबी (नव्या बनावटीच्या) एसी डब्याला छतावर दोन पॅकेज युनिटं, म्हणजे सगळं यंत्र एकाच पेटीत असलेले एसी असतात, प्रत्येकी ७ टनांची, डब्याच्या दोन टोकांना एकेक. १४ टनांचं एकच का लावत नाहीत? एक, हवा सगळीकडे सारखी पोचते. दोन, एक बंद पडलं तरी प्रवासी पूर्ण भाजत नाहीत. तीन, प्रत्येक युनिटमध्ये पुन्हा दोन कॉम्प्रेसर असतात, म्हणजे ऊन कमी झालं की टप्प्याटप्प्याने कमी करता येतात. तुमच्या घरच्या गाडीलाही हाच विचार लागू आहे. एका टोकाला बसवलेला एसी दुसऱ्या टोकाला कधीच पुरत नाही, मध्ये ओटा, कपाट, पडदे असताना तर नाहीच. कुणी म्हणेल की मागचा काढून २ टनांचा लावा. नका लावू. बेडवर गारठून जाल आणि बाकावर घामच राहील.

आता जागा. मागच्या दारावर पहिल्याच्या शेजारी दुसरं बाहेरचं युनिट लावायचा मोह होईल, कारण चौकट तयार आहे. तिथे एकाची गरम हवा दुसरं ओढून घेतं. बाहेर ४४ असताना त्या युनिटला ५२-५५ ची हवा मिळते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. मग माणूस म्हणतो मशीन खराब आहे. मशीन खराब नसतं, त्याला श्वास मिळत नसतो.

आणि पाइप. घरच्या स्प्लिटचे फ्लेअर जोड (पाइपचं तोंड पसरवून नटने आवळलेले) भिंतीवर शांत बसायला केलेले असतात. आपल्या रस्त्यांवर ते सैल होतात, तांबं तडकतं. पूर्वी एसी डब्याची यंत्रणा फरशीखाली टांगलेली असायची आणि पाइप वरपर्यंत नेलेले. छतावरच्या पॅकेज युनिटमध्ये सगळे जोड एका पेटीत आले आणि गॅस गळायच्या जागा फार कमी झाल्या. तुम्हाला पॅकेज मिळालं तर उत्तमच. स्प्लिटच लावणार असाल तर पाइप जितका आखूड तितका बरा, शक्य तिथे ब्रेझिंग (धातू वितळवून केलेला पक्का जोड), मध्ये एक गोल वळसा, युनिटखाली रबर, आणि दर दोन हजार किलोमीटरला साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे.

अमळनेरची_लेक

काका, किती छान समजावलंत. माझा साधा प्रश्न: खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात एसीच कशाला? आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरवर एप्रिल-मे निघून जातो. गाडीत छोटा कूलर ठेवला तर दोनशे वॅटसुद्धा लागत नाहीत.

केळीपट्टा_रावेर

ताई, प्रश्न साधा नाही, चांगला आहे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या ताटीतून आलेली हवा २७-२८ पर्यंत उतरते. एकट्या माणसाला, खिडकी उघडी ठेवून, कूलर खरोखर पुरतो. दोन अडचणी. कूलर आणि एसी एकत्र चालत नाहीत. कूलर दमट हवा भरतो, एसी तीच ओल काढण्यात ताकद घालवतो. आणि दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी. मेमध्ये आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या गावात गाडी उभी करून कूलरला पाणी मागायला जीभ रेटत नाही.

जूनच्या पावसानंतर तर कूलर नुसता चिकचिकाट करतो.

पांझराकाठ

मी धुळ्यात वायरिंगची कामं करतो, म्हणून विजेचा भाग माझ्याकडे.

१५ अँपिअरचा प्लग म्हणजे कागदावर २३० गुणिले १५, साडेतीन हजार वॅटच्या आसपास. दोन छोटे इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात १८००-१९०० वॅट घेतील. कागदावर आरामात बसतं. पण ढाब्याच्या टोकाच्या प्लगला संध्याकाळी १८५-१९० व्होल्ट मिळतात. इन्व्हर्टर एसी व्होल्टेज कमी झालं की करंट वाढवून तेवढीच वीज ओढतो. १९०० वॅट म्हणजे १९० व्होल्टला १० अँपिअर. आता तुम्ही २० मीटरची १ चौरस मिमीची एक्स्टेन्शन लावली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं झालं, त्यात सात व्होल्ट गळतात आणि सत्तरेक वॅट उष्णता होते. वायर गुंडाळून ठेवली असेल तर ते वेटोळं आतून वितळतं. मी असं एक वेटोळं हातात घेतलंय, प्लास्टिक बोटांना चिकटलं होतं.

म्हणून २.५ नाही, ४ चौरस मिमीची रबर केबल घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गाडीत शिरल्याबरोबर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग प्रत्येक एसीला स्वतंत्र १६ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच). ढाब्यावर अर्थिंग असेलच असं धरू नका, टेस्टरने बघा. गाडी रबराच्या टायरवर उभी असते. बॉडीत करंट उतरला तर पाय जमिनीवर ठेवून दाराचं हँडल धरणारा माणूस त्याचा रस्ता होतो. हा माणूस तुमचे बाबाही असू शकतात.

तुमची ४८ व्होल्टची बॅटरी शहाणपणाची आहे. १२ व्होल्टवर एवढ्या भाराला दीडशे अँपिअर ओढावे लागले असते. पण १०० अँपिअर-अवर म्हणजे सगळी मिळून ५ युनिटं. दोन्ही एसी सरासरी १२०० वॅटवर चालले तर सोलरशिवाय जेमतेम चार तास. रात्रभर नाही. रात्री फक्त बेडचा एसी, सगळ्यांनी तिकडे झोपायचं.

अजून एक. दोन्ही एसी एकाच क्षणी सुरू होऊ देऊ नका. दुसऱ्याला चार-पाच मिनिटांचा डिले टायमर बसतो, स्वस्त असतो. आणि लाइन कमकुवत असेल तेव्हासाठी एक चेंजओव्हर स्विच ठेवा, पुढचा किंवा मागचा, एका वेळी एक.

शिरपूरना_भो

राम राम भो. ऊन भलतं शे औंदा. मना अनुभव सांगस. पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो, कारण गोष्ट जिवाची आहे.

बॅटरी संपली की माणूस दोन गोष्टी करतो, इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा एसी लावतो नाहीतर पेट्रोल जनरेटर सुरू करतो. मी जनरेटर मागच्या बंपरखाली ठेवला होता. दारं-खिडक्या बंद, आत पोरं झोपलेली. रात्री वारा फिरला. मोठ्या मुलीने उठून डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, धाकटा उलटी करत होता. मला वाटलं संध्याकाळची शेवभाजी बाधली. बायकोने दार उघडलं आणि तिलाच पहिल्यांदा धुराचा वास आला. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, रंग नसतो. त्या दिवशी बाकीच्या धुराने आम्हाला उठवलं, एवढंच.

जनरेटर गाडीपासून निदान सहा-सात मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे धूर गाडीकडे येणार नाही अशा बाजूला. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही, कधीच नाही. आणि बेडपाशी मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तुम्ही दुसरा एसी टाकाल तेव्हा विजेची भूक वाढेल, जनरेटर जास्त चालेल, म्हणून हे आत्ताच सांगतोय.

निवृत्त_भुसावळ

शिरपूरच्या भावाने लिहिलं ते सगळ्यांनी दोनदा वाचा.

त्याला जोडून एसीतल्या गॅसचं. आताच्या बऱ्याच घरगुती एसींत आर-३२ असतो. तो मंद पेटणारा आहे. घराच्या खोलीत गळला तर पसरून जातो, गाडीची खोली केवढी? आणि तुमच्याकडे ओटा आहे, म्हणजे शेगडी असणार. जोड राहण्याच्या भागात येऊच देऊ नका.

अमळनेरची_लेक

आणि आरटीओ? माझ्या भावाने गाडीचं छत कापून घेतलं आणि नंतर पासिंगच्या वेळी फार धावपळ झाली.

पांझराकाठ

बरं आठवण करून दिलीत ताई. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हा वेगळा मानक आहे. पत्रा कापण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, लेखी घ्या. अपघात झाला तर पहिला प्रश्न हाच येतो. वजनही बघा: छतावर ४० किलो म्हणजे घाटाच्या वळणावर गाडी जास्त झुकणार.

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी सावली, मग मोजणी, मग निर्णय. महिनाभराने लिहितो.

तापीकाठचा (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, पण आकडे घेऊन आलोय.

पहिला टप्पा: छताला पांढरा रंग. आतला प्लाय उतरवला तेव्हा दिसलं, १० मिमीचा फोम जागोजागी पत्र्यापासून सुटून लोंबत होता. म्हणजे नावालाच होता. त्या जागी ३० मिमी. पुढच्या काचेला बाहेरून चांदीच्या कापडाचं झाकण. पुढच्या अर्ध्या छतावर शेडनेट. भुसावळजवळ आमच्या शेताच्या बांधावर उघड्यावर गाडी उभी केली, दुपारी दोन वाजता, बाहेर ४४. एकच जुना एसी चालू. बेडपाशी २४, पुढच्या बाकावर ३१.

३६ वरून ३१, तेही बाहेर दोन अंश जास्त असताना आणि एक पैशाची वीज न वाढवता. रावेरचे भाऊ, तुमचे उपकार मानतो.

इथेच थांबावं का, असा दोन दिवस विचार केला. पण ३१ मध्ये बाबांना दुपारी झोप लागत नव्हती, आणि ४४ म्हणजे अजून शेवट नव्हता. म्हणून दुसरा टप्पा: ०.८ टनाचा छोटा इन्व्हर्टर स्प्लिट, टी-३ कॉम्प्रेसर विचारून घेतलेला. पॅकेज युनिट आमच्या बजेटमध्ये मिळालं नाही. ड्रायव्हरच्या मागे उजव्या अंगाला एक कपाट केलं, त्यात बाहेरचं युनिट उभं ठेवलं. कपाटाची आतली भिंत पफची आणि पूर्ण सीलबंद. फरशीतल्या भोकातून हवा आत येते, उजव्या बाजूच्या जाळीतून बाहेर जाते, मध्ये पत्र्याचा आडोसा घातला म्हणजे गरम हवा परत फिरत नाही. आतलं युनिट त्याच भिंतीवर. पाइप जेमतेम दोन मीटर, जोड सगळे कपाटात, म्हणजे राहण्याच्या भागाबाहेर. पत्रा कापण्याआधी बॉडीवाल्याला घेऊन आरटीओत गेलो, कागद करूनच काम सुरू केलं.

भुसावळचे काका, पहिल्या दिवशी आडोसा घातला नव्हता. युनिट वीस मिनिटांत ट्रिप झालं. तुमचं श्वासाचं वाक्य आठवलं, आडोसा घातला, परत झालं नाही. फरशीतून धूळ फार येते हे मात्र खरं. एक धुवायची जाळी लावली आहे, दर मुक्कामाला झटकावी लागते.

गेल्या आठवड्यात बाबांना मुक्ताईच्या दर्शनाला कोथळीला नेलं. दुपारी एक ते चार मुक्काम, बाहेर ४५. प्लग घेतला नाही, फक्त बॅटरी आणि सोलर. पहिला अर्धा तास दोन्ही एसींनी मिळून १८०० वॅट घेतले, नंतर १००० च्या आसपास स्थिरावले. पॅनल १०८० वॅटचे असले तरी उन्हाने तापून सातशेच्या आसपासच देत होते. बॅटरी शंभरवरून ६९ टक्क्यांवर आली. पुढच्या बाकावर २६, मागे २५. बाबा बाकावरच आडवे झाले आणि साडेतीनपर्यंत झोपले. उठल्यावर म्हणाले, पुढच्या चैत्रात नांदुरीला पायथ्याशी दोन दिवस राहू.

जनरेटर अजून घेतलेला नाही. मोनॉक्साइडचा अलार्म मात्र लावला.

शिरपूरना_भो

भारी झालं भो! आबांना राम राम सांगा. तोरणमाळलाही एकदा घेऊन जा, वर गेलं की एसी बंदच ठेवता येतो.

केळीपट्टा_रावेर

दादा, वाचून फार समाधान वाटलं. पाऊस लागला की पुढच्या युनिटच्या पाण्याच्या नळीकडे लक्ष द्या. मेमध्ये हवा कोरडी, थेंबही पडत नाही, त्यामुळे उतार चुकलाय हे कळत नाही. जुलैत ते पाणी तुमच्या पफच्या भिंतीत उतरेल. आत्ताच एक तांब्या ओतून बघा.

अमळनेरची_लेक

शेडनेटचा सांगाडा कसा केलात? आमची गाडी तुमच्याएवढीच आहे आणि सोबत सासूबाई असतात.

तापीकाठचा

ताई, अगदी सोपं आहे. छताच्या कॅरिअरला चार ठिकाणी एक इंची पाइपचे उभे तुकडे वेल्ड केले, नऊ इंच उंचीचे. त्यात बसतील असे बारीक पाइप आडवे टाकायचे, ते काढता येतात. नेट तीन मीटर बाय साडेतीन मीटर घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण मीटर खाली लोंबतं आणि खिडक्यांवरही सावली पडते. कडेला दर दोन फुटांवर कड्या मारून घ्या, नुसती दोरी बांधली तर वाऱ्याने नेट फाटतं. चालती गाडी असताना ते काढून गुंडाळून ठेवायचं. दोघांना मिळून दहा मिनिटं लागतात.

रावेरचे भाऊ, तांब्या ओतला. पाणी उलटं आलं. उद्या नळी खाली घेतो.